बसायचं काम

"पाय लांब कर," भालूदादा म्हणाला आणि माझ्यासमोर उकिडवा बसून माझ्या कॅलिपरचा वरचा पट्टा सोडायला लागला.

मी नुकतीच तो लोखंडी सांगाडा पायाला बांधून, बूट चढवून, कुबडी काखेशी घेऊन तयार झाले होते. अंगात नवा मोरपंखी पंजाबी ड्रेस होता. त्या दिवशी एसटी स्टँडवर एसटीडी बूथचं उद्घाटन होतं, आणि पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं : कु. उज्ज्वला तोडकर.

"हे काय करतोयस?"

"आज नको हे. फोन खात्याचं साहेब येणारेत."

"मग?"

"मग काय मग. अपंगाच्या कोट्यातनं बूथ मिळालाय आपल्याला. तू ठाकठाक वाजवत चालत आलीस तर साहेब म्हणंल, ही तर धडधाकट हाय. जागच्या जागी रद्द करंल."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी राहून पूजेच्या ताम्हनात हळदीकुंकू मांडत होती.

"ऐक गं त्याचं," ती म्हणाली. "एका दिवसाचं तर हाय. तो नेतो तुला उचलून." मग माझ्या हातातला पाण्याचा पेला तिनं काढून घेतला. "आणि पाणी नको पिऊस जास्त. तिथं सारखं कुठं उठवायचं तुला."

मी दोन वर्षांची असताना पोलिओनं माझा उजवा पाय पार गेला आणि डावा जेमतेम राहिला. मिरजेला कॅलिपर मिळाला तेव्हा मी तिसरीत होते. तोवर मी कडेवरची होते. ज्याला वेळ असेल त्याच्या कडेवर, आणि कुणालाच वेळ नसेल तर उंबऱ्यावर. कॅलिपर आल्यापासून मला कुणी उचललेलं नव्हतं. शाळा स्टँडच्या पलीकडे होती. रोज मी गाड्यांच्या मधून वाट काढत जायचे, आणि माझ्या बुटाचा आवाज आला की ड्रायव्हर मागे घेत असलेली गाडी थांबवायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर कंट्रोलर होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ते माईकवरून पुकारायचे. मी स्टँड ओलांडताना त्यांनी खिडकीतून कधी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

बारावीला मला गणितात गावात सगळ्यात जास्त मार्क पडले. अण्णांनीच मला सांगलीला नेलं आणि कॉलेजात नाव घातलं. वसतिगृहाच्या रेक्टर सबनीसबाईंनी मला फाटकापासून तळमजल्यावरच्या खोलीपर्यंत आणि परत चालायला लावलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "येशील तू." एवढंच. त्या दोन शब्दांवर मी सगळा उन्हाळा काढला. कॉलेज त्या सोमवारी सुरू होत होतं.

आता भालूदादाचं. माझा हा थोरला भाऊ म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. आयटीआय अर्धवट सोडलं, व्हिडिओ लायब्ररी काढली ती बुडाली, कोंबड्या पाळल्या त्या मेल्या. मग त्याला कुणीतरी सांगितलं की अपंगांना बूथ लवकर मिळतो. तेव्हापासून त्याचं माझ्यावरचं प्रेम एकदम वाढलं. माझा अठरावा वाढदिवस आमच्या घरात साजरा झालेला पहिला वाढदिवस. केक आणला, फुगे लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही घेतली.

"तुला काय करायचं न्हाई," तो म्हणाला होता. "सही तुझी, बसणार मी."

मग कळलं की ज्याच्या नावावर बूथ, त्यानंच तिथं बसायचं असतं. साहेब कधीही येऊन बघतात. तेव्हापासून घरातली भाषा बदलली. थोडे दिवस बस, मग बघू. नुसतं बसायचं तर आहे. आई म्हणायची, शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, जणू बसणं ही माझी कला होती आणि ती वाया चालली होती. मी म्हणायचे, सोमवारी मी सांगलीला जाणार. त्यावर कुणी नाही म्हणायचं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत नव्हती. नुसतं करायचे नाहीत.

भालूदादानं मला उचललं. त्याच्या अंगाला घामाचा आणि पावडरीचा वास येत होता. माझे पाय त्याच्या कोपरावरून लोंबत होते आणि ओढणी जमिनीवरून घासत येत होती. ज्या रस्त्यानं मी इतकी वर्षं चालत गेले, त्याच रस्त्यानं मी गहू दळायला न्यावेत तशी चालले होते. कँटीनवाला शिवाप्पा हातातला चहा तसाच धरून उभा राहिला.

"काय झालं वो ताईला?"

"जरा बरं न्हाई तिला," आई म्हणाली.

स्टँडच्या फाटकाशी सरूआत्या भेटली. ही अण्णांची चुलत बहीण. लहानपणी चिंचेवरून पडून तिच्या मांडीचं हाड वाकडं जुळलं होतं. नवरा वारल्यावर ती आमच्याच गल्लीत एका खोलीत राहायची. तिच्या हातात कायम वेळूची काठी. त्या काठीवर ती बाजाराला, बारशाला, मयताला, सगळीकडे हजर. गावातली बातमी तिच्या आधी कुठं पोचायची नाही. तिनं मला बघितलं आणि रस्त्यातच उभी राहिली.

"अगं बया. पोरीचं पाय कुठं ठिवलं?"

"गप बसा वन्सं," आई दात आवळून म्हणाली.

"गप काय? कालच्याला तर चालत होती की."

आत्या काठी टेकत आमच्या मागनं आली.

बूथ म्हणजे पत्र्याची टपरी. पुढं टेबल-खुर्ची, आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये फोन आणि एक स्टूल. दाराला झेंडूची माळ, फीत, आणि मांडवाखाली भाड्याच्या खुर्च्या. मला टेबलामागच्या खुर्चीत ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. भालूदादानं मागे सरकून मी सरळ बसले की नाही ते बघितलं, आणि एक पाय वाकडा दिसत होता तो तसाच राहू दिला.

सभापती विलासतात्या आले. त्यांनी फीत कापली, माझ्या अंगावर शाल टाकली, ओंजळीत नारळ दिला आणि भाषणाला उभे राहिले.

"देवानं ह्या लेकीचं पाय काढून घेतलं," ते म्हणाले, "पण आपण तिला बूथ दिला. आता तिला कुठं जायची गरजच न्हाई. जग तिच्याकडं येईल."

टाळ्या पडल्या. मग त्यांनी पेढ्याचा पुडा घेतला आणि आईला विचारलं, "हिला पेढा चालतो ना?"

"चालतो की," आई म्हणाली.

मला पोलिओ झाला होता. पेढा का चालणार नव्हता ते मला आजवर कळलेलं नाही. तात्यांनी तो माझ्या तोंडात कोंबला आणि त्याच हातानं माझा गाल थोपटला. बोटांना तूप आणि हाराचं पाणी होतं. दोन्ही हातांत नारळ असल्यामुळे मला गाल पुसता येईना. ती ओल गालावर हळूहळू सुकत गेली. आजही कुणी माझ्या गालाकडे हात आणला तर मी मान मागे घेते.

फोन खात्याचे साहेब किरकोळ अंगाचे, घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून भालूदादाला विचारलं, "वय?"

"नुकतंच अठरा पूर्ण, साहेब."

"हीच बसणार ना इथं? मी कधीही येईन. खुर्ची रिकामी दिसली तर चालणार नाही."

"व्हय साहेब. जाणार कुठं ती?"

मांडवात हशा पिकला. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. नारळ मांडीत टेकवून मी तिचा हात ओढला.

"आई, त्यांना सोमवारचं सांग ना."

ती माझी शाल सारखी करायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अण्णांनी कळवलंय कॉलेजात."

"काय कळवलंय?"

"हेच की तुझी तब्येत बरी नसती. ह्या वर्षी येत न्हाई म्हणून. बाई चांगल्या हायत म्हणं. काय बोलल्या न्हाईत."

दूध विरजायला ठेवलंय, हे सांगावं त्या सुरात तिनं हे सांगितलं. समोर कंट्रोलरच्या खिडकीत अण्णा दिसत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी माईक तोंडाशी ओढला आणि आटपाडीची गाडी पुकारली. आटपाडीची गाडी नुकतीच फाटकातून बाहेर गेली होती.

मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. जेवताना ताटात मेलेली पाल दिसावी तसं झालं. त्या पेढ्याची, त्या शालीची, आईच्या माझ्या केसांवरून फिरणाऱ्या हाताची, सगळ्यांचीच शिसारी आली. ही सगळी माझी माणसं होती आणि यांतलं कुणी वाईट नव्हतं. उद्या मला ताप आला असता तर हीच रात्रभर उशाशी बसली असती. मला ताप आलेला त्यांना चालायचा. मी बरी असलेली चालत नव्हती.

"आता पहिला फोन," भालूदादा म्हणाला. आमच्याकडे नव्या बूथचा पहिला फोन मोठ्या माणसानं लावायचा, तसा मान असतो. त्यानं तात्यांसाठी केबिनचं दार उघडून धरलं. पण तात्यांना कॅमेरा दिसला होता.

"माझा कशाला? पहिला फोन आपल्या लेकीच्या हातनं. लाव गं, मामाला लाव."

पुन्हा मला उचललं. केबिनमध्ये स्टुलावर बसवलं आणि नारळ काढून घेतला. फोटोग्राफर म्हणाला, जरा हसा. मी काचेचं दार ओढून घेतलं आणि आतली कडी घातली.

वसतिगृहाचा नंबर मला पाठ होता. सगळा उन्हाळा मी तो मनात फिरवत होते. फिरवला. डोक्यावर मीटरचे तांबडे आकडे पळायला लागले. बाहेर सगळे काचेला नाक लावून कौतुकानं बघत होते.

"सबनीस बोलतेय."

"बाई, मी उज्ज्वला तोडकर. तळमजल्यावरच्या खोलीची."

"अगं, तुझ्या वडिलांचा फोन आला होता. तुला बरं नाही, उठवत नाही म्हणाले."

"मला बरं आहे."

"मग ते असं का म्हणाले?"

"माझ्या नावानं फोनचं दुकान काढलंय, बाई. मी तिथं बसावं म्हणून."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, माझं नाव खोडतायत.

"बाई, माझ्या सहीवर इथं दुकान मिळतं. मग मी येणार की नाही, तेही मीच सांगायला पाहिजे. मी येणार आहे. खोली दिलीत का कुणाला?"

"अजून नाही. दोघी रांगेत आहेत." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "हे बघ उज्ज्वला, मी तुझ्या घरच्यांशी भांडणार नाही. ते माझं काम नाही. सोमवारी दुपारच्या आत तू फाटकातून स्वतः चालत आलीस तर खोली तुझी. नाही आलीस तर मी समजेन, वडील म्हणत होते तेच खरं."

"येते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

बाहेर टाळ्या वाजल्या. भालूदादानं दार ओढून बघितलं.

"झालं का मामाशी बोलून? उघड की."

"माझा कॅलिपर आण," मी काचेतून म्हणाले. "मग उघडते."

"येड लागलंय काय? साहेब हायत हितं."

"असू देत."

त्यानं काचेवर मूठ आपटली. आई म्हणाली, शोभत नाही गं, चार माणसं बघतायत. तात्यांनी घड्याळ बघितलं. आत उकडायला लागलं होतं, तहान लागली होती, आणि तेवढ्या माणसांत माझं बोलणं कुणी ऐकतच नव्हतं. सगळे मला समजावत होते. मग मला गर्दीच्या मागे सरूआत्या दिसली.

"आत्या," मी ओरडले, "माझे पाय आणा."

तिनं कशाला, कुठं, असलं काही विचारलं नाही. वळली आणि टकटक करत निघाली. इतकी माणसं धड पायांची होती तिथं, पण गेली ती एकटी.

परत आली तेव्हा बुटासकट कॅलिपर तिच्या खांद्यावर होता, माझी कुबडी काखेत होती आणि तोंडावरून घाम निथळत होता. मी दार फटीपुरतं उघडून सगळं आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली. मग त्या काचेत, सगळ्या गावादेखत, सलवार गुडघ्यावर सारून मी पट्टे आवळायला लागले. याआधी मी तो कुणासमोर बांधला नव्हता. बायका दुसरीकडे बघायला लागल्या. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

मी कडी काढली आणि चालत बाहेर आले. बुटाचा आवाज पत्र्यात चांगलाच घुमला.

"ही चालते?" साहेबांनी विचारलं.

"थोडंथोडं, साहेब," भालूदादा घाईनं म्हणाला. "लई न्हाई."

"मग उचलून कशाला आणलीत? चालली म्हणून बूथ कुठं रद्द होतो? दाखला आहे ना तिचा? ती बसली म्हणजे झालं."

"मी बसणार नाही, साहेब," मी म्हणाले. "सोमवारी मी सांगलीला कॉलेजात जाते."

भालूदादाचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर त्या चेहऱ्याचंही मला काही वाटलं नाही.

तात्यांनी समजुतीचा सूर लावला. "घरादाराचं बघ की पोरी. भावाचं आयुष्य उभं राहतंय."

"त्याला दोन पाय आहेत, तात्या. राहू दे की उभं."

शाल काढून मी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि घरी आले. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. फक्त आई एकदा म्हणाली, एवढं करून शेवटी शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. शेळी कोण, ते मी तिला विचारलं नाही.

सोमवारी सांगलीच्या गाडीत माझी ट्रंक कंडक्टरनं चढवली. सरूआत्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन आली होती. अण्णांनी गाडी पुकारली, नेहमीसारखी. खिडकीतून बघितलं नाही. या वेळी मला त्याचा अभिमान वाटला नाही.

फाटकातून खोलीपर्यंत मी चालत गेले. सबनीसबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी किल्ली दिली आणि आत गेल्या. त्या खोलीनं पुढं माझं सगळं आयुष्य घडवलं, पण गोष्ट तिथं संपत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी उतरले. बूथ चालू होता. पिवळ्या पाटीवरचं माझं नाव खरवडून तिथं नवं नाव रंगवलं होतं, आणि आत टेबलामागे सरूआत्या बसली होती. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, बरं झालं, म्हातारपणी चार पैसे मिळतील.

"आत्या, तुम्ही होय मालकीण?"

ती हसली. पण नेहमीसारखी उठून पुढं आली नाही. बाहेर दोन बायका भांडत होत्या, तिकडंही बघायला गेली नाही. हात मांडीवर ठेवून बसून होती. खुर्चीजवळ काठी दिसेना.

"काठी कुठंय तुमची?"

तिनं डोळे वर केले. केबिनच्या टपावर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी, वेळूची काठी आडवी ठेवलेली होती.

"भालूनं ठिवलीया," ती हळूच म्हणाली.

भालूदादा पलीकडे पानाच्या टपरीवर उभा होता. मला बघून आला. दिवाळीचा नवा शर्ट घातला होता, चेहरा भरला होता.

"आलीस व्हय? कवा आलीस?"

"आत्यांची काठी वर का ठेवलीस? साहेब त्या दिवशी म्हणाले होते ना, चाललं तरी काही होत नाही?"

"साहेबाचं कोण काय सांगतंय," तो हसत म्हणाला. "हातात काठी असली की ही सारखी उठती. जरा चहाला, जरा कुणाच्या गप्पांला. गिऱ्हाईक आलं की खुर्ची रिकामी. आता बघ कशी निवांत बसती."

माझ्यासमोर उकिडवा बसून पट्टा सोडणारा त्याचा हात मला दिसला. साहेबांचं नाव त्यानं तेव्हा उगाच घेतलं होतं. आईनं पेला काढून घेतला तेव्हा तिलाही हे ठाऊक असावं. किती तयारीनं ठरवलं होतं त्यांनी, की मी उठायचंच नाही.

मी कुबडी वर केली आणि काठी टपावरून खाली पाडली. ती आत्यापुढं ठेवली. आत्यानं काठीकडे बघितलं, मग भालूदादाकडे.

"रागावशील रं भालू?"

तो काही बोलायच्या आत ती उठली. एकदम नाही, टेबलाला धरून, कण्हत. तोल सावरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चहा मागनं पिऊ. आधी मुतारीला जाऊन येते. सकाळधरनं दाबून बसलीया."

ती निघाली. कँटीनच्या मागच्या बाजूला, जमेल तेवढ्या घाईनं.

"आत्या, लवकर ये," भालूदादानं मागून हाक मारली. "फोन यायचाय एक."

मी खुर्ची ओढून त्याच्यापुढं सारली.

"बस तू," मी म्हणाले. "नुसतं बसायचं तर आहे."